दापोडी अजून डिस्कवर आहे

मिलिंद,

तुझा फ्लेक्स लागला. कंपनीच्या गेटबाहेर एक, कँटीनमध्ये एक, आणि छोट्या आकारातला तिसरा थेट आपल्या सर्व्हर रूमच्या दारावर. 'भावपूर्ण श्रद्धांजली' ही अक्षरं तुझ्या नावापेक्षा मोठी आहेत आणि खालच्या शोकाकुल मंडळींचे चेहरे मोजले तर तू अल्पमतात आहेस. आपल्या भागात माणूस वाढदिवसाला आणि मरणाला एकाच फ्लेक्सवर बसतो, फक्त मागचा रंग बदलतो, असं तू म्हणायचास. तुझा रंग निळसर राखाडी आहे. फोटो कँटीनमधल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा, कापून घेतलेला. तुझ्या खांद्यावर मनगटापर्यंतचा एक हात तसाच राहिलाय. तो माझा आहे, घड्याळावरून ओळखला. म्हणजे तुझ्या श्रद्धांजलीत मीही आहे, निनावी.

शोकसभेत प्लांट हेड साहेबांनी तुला 'आपल्या डिजिटल प्रवासाचा आधारस्तंभ' म्हटलं. तू कधी स्वतःहून साहेबांच्या केबिनमध्ये गेला नाहीस, त्यामुळे त्यांना तुझ्याविषयी एवढंच माहीत असणार. भरून न येणारी पोकळी वगैरे झाली, सगळे स्तब्ध उभे राहिलो, आणि खाली उतरता उतरता साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैशाली मॅडम, बॅकअप आहे ना?"

मला हसू फुटलं. रुमाल तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाई कोसळली. मागून कुणीतरी पाण्याची बाटलीही पुढं केली. ती मी प्यायले, कारण दुसरं काही करणं शक्य नव्हतं.

बॅकअप होता. आपण दोघं असताना बॅकअप नाही असं झालंय का? अडचण वेगळी होती आणि ती तुला पक्की ठाऊक होती, कारण तीच अर्धवट टाकून तू त्या मंगळवारी संध्याकाळी बस पकडायला उठलास आणि दुसऱ्या दिवशी आलाच नाहीस.

तुला सांगायची गरज नाही, पण हे इतर लोकही वाचतील, म्हणून सांगते. आपली कंपनी ब्रेकचे भाग बनवते. चाकणहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्यावर क्रमांकाचा स्टिकर असतो. स्टिकर नसेल किंवा चुकीचा असेल तर ग्राहकाच्या गेटवरून ट्रक मागे फिरतो. हे स्टिकर देणारं मशीन डिस्पॅचशेजारच्या खोलीत आहे. त्याच्यावर युनिक्सच्या घराण्यातली यंत्रणा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, चालते. काळा पडदा, पांढरी अक्षरं, हलणारं-नाचणारं काही नाही. त्यामुळे प्रत्येक नव्या साहेबाला ते मशीन जुनाट वाटतं. ते तू उभं केलंस आणि आपण दोघांनी सांभाळलं. आता त्या यंत्रणेच्या आवृत्तीची मुदत संपत आली होती आणि ग्राहकाचे ऑडिटर येणार होते. मुदत संपलेली यंत्रणा दिसली की ते मशीन बंद करायला लावणार, हे नक्की. एक विक्रेता साहेबांच्या केबिनबाहेर रंगीत स्लाइड घेऊन बसलेलाच होता.

"गुरुवारपर्यंत तुमचं अपग्रेड जमलं तर ठीक," साहेब म्हणाले, "नाहीतर यांचं घेऊन टाकू. जुनं ते काढू. उगाच सेंटिमेंटल नको व्हायला."

मी सेंटिमेंटल नव्हते. मला राग आला होता. तू गेल्याचा नाही, त्याला अजून वेळ लागणार आहे. अर्ध्यावर उठून गेल्याचा.

आधीच्या साहेबांना तू ही पद्धत समजावली होतीस ते मला आठवतं. "चालू मशीन अपग्रेड करताना बंद पडलं तर?" असं त्यांनी विचारलं होतं. तू म्हणालास, "साहेब, तुम्ही रोज दापोडीच्या पुलावरून येता ना? जुना पूल पाडून मग नवा बांधला का? नाही. जुना चालू ठेवला, शेजारी नवा बांधला, आणि मग गाड्या वळवल्या. नव्यावर खड्डा पडला तर जुना आहेच." बूट एन्व्हायर्नमेंट म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. त्याच डिस्कवर चालू यंत्रणेची जोडप्रत काढायची, सगळी दुरुस्ती त्या प्रतीत करायची, इकडे काम चालूच. मग मशीन एकदा बंद करून प्रतीमधून उठवायचं. बिनसलं तर पुन्हा बंद, पुन्हा जुन्यातून चालू. साहेब खूश झाले आणि पुलाच्या वाहतुकीवर बराच वेळ बोलले. ते त्यांना जास्त कळलं होतं.

प्रत्येक प्रतीला नाव द्यावं लागतं. मी म्हणायचे तारीख घाल, जगभर तशीच पद्धत आहे. तू म्हणालास, "तारखेनं माणसं हाक मारतात का?" आणि लोणावळा लोकलची स्टेशनं लावायला सुरुवात केलीस. पहिली दापोडी, कारण तुझं घर. दुसरी कासारवाडी. "हे तुमचं, मॅडम," म्हणालास, कारण पिंपळे सौदागरला राहणाऱ्या बाईचं दुसरं स्टेशन कुठलं असणार! मग पिंपरी, चिंचवड, आकुर्डी. मी वैतागून म्हटलं होतं, "आणि लोणावळ्यानंतर काय करणार?"

"लोणावळ्यापर्यंत आपण रिटायर. चिक्की घ्यायची, घरी जायचं."

"आणि मशीन?"

"पुढं घाट आहे. तो पुढच्या लोकांचा."

तुझा आणखी एक नियम होता: नवी यंत्रणा महिनाभर नीट चालली की मागची पुसून टाकायची. "गर्दी नको," म्हणायचास. तसं पिंपरी पुसलंस, चिंचवड पुसलंस, माझं कासारवाडी तर हात न थरथरता पुसलंस. दापोडी मात्र तसंच. सगळ्यात जुनं, कुणाच्या उपयोगाचं नाही, फुकट जागा खाणारं. मी दरवर्षी विचारायचे, "हे कशाला ठेवलंय?" आणि तू दरवर्षी मान वर न करता म्हणायचास, "घर आहे राव ते." एरवी मॅडम, हळवा झालास की राव. मी एकदा म्हटलं, "हा तांत्रिक मुद्दा नाही." तू म्हणालास, "मग कशाला वाद घालता?" हा वाद आपण संपवला नाही.

आणि दुसरा, खोक्यांचा. तोही नाही.

कासारवाडीहून पिंपरीवर गेलो तेव्हाची गोष्ट. गुरुवारी, चाकणच्या सुट्टीच्या दिवशी, अपग्रेड झालं. शुक्रवारी पहिल्या शिफ्टला स्टिकर छान निघाले, पण दुपारकडे अक्षरं तिरकी यायला लागली. आपण ऐटीत मशीन बंद केलं, मागच्या कासारवाडीतून उठवलं. अक्षरं सरळ. डिस्पॅचच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू हात वर करून मान झुकवलीस, थेट निवडून आल्यासारखी. मग जेवून आलो, तर डिस्पॅचचे गव्हाणेमामा हातात दोन खोकी घेऊन दारात उभे.

"ताई, ह्यो नंबर सकाळी गेला की वो. आता पुन्ना कसा आला?"

"मामा, नीट बघा."

"नीटच बघतोय. दोन्ही जुळी हायेत. मशीनला इसर पडला का काय?"

पडलाच होता. शेवटचा क्रमांक कुठला, हे मशीन जिथं लिहून ठेवायचं ती फाइल आपण यंत्रणेच्या आतच ठेवली होती. शुक्रवार सकाळचे सगळे क्रमांक पिंपरीत लिहिले गेले. आपण मागे कासारवाडीत आलो, आणि तिथं शुक्रवारची सकाळ झालेलीच नव्हती. मशीन बुधवारपासून पुढं मोजायला लागलं. तोवर जुळ्या क्रमांकांचा एक ट्रक ग्राहकाच्या गेटपर्यंत पोचून परत निघाला होता.

तू तिथंच एका पॅलेटवर बसलास आणि हसायला लागलास. "मॅडम, आपण परत आलो, पण सामान तिकडंच राहिलं."

"हसतोस काय? ट्रक परत येतोय."

"सामान हरवलं नाही ना? तिकडंच आहे. आणू."

आणि आणलं. कासारवाडीत बसून पिंपरीचं दार उघडलं, आतून ती फाइल उचलली, क्रमांक जुळवले, मामांनी खोकी पुन्हा चिकटवून घेतली. संध्याकाळच्या आत ट्रक परत रवाना. त्या दिवसापासून क्रमांकांना डिस्कवर स्वतंत्र जागा दिली, कुठल्याही स्टेशनाच्या बाहेर. पुढं जा, मागं या, मोजणी एकच. ती फाइल आधी आत ठेवायचं कुणी ठरवलं, यावर आपलं कधीच एकमत झालं नाही. तू म्हणायचास मी, मी म्हणायचे तू. आता तू नसल्यामुळे हा मुद्दा माझ्या बाजूनं निकालात काढता येईल, पण त्यात मजा नाही.

रविवारी दापोडीला तुझ्या पुण्यानुमोदनाला गेले होते. गल्लीत मांडव, पांढरे कपडे. रेल्वे गेली की भन्तेजी वाक्याच्या मध्यावर थांबायचे आणि आवाज विरला की बरोबर त्याच शब्दावरून पुढं सुरू करायचे. इतकं शांत थांबणं मी एकाही मीटिंगमध्ये पाहिलेलं नाही. नंतर सुजाता माझ्याजवळ येऊन बसली. तुझी बायको मला पहिल्यांदाच एकटी भेटत होती.

"मॅडम, तुम्ही दोघं रोज भांडत होता का हो?"

"रोज नाही. गुरुवारी सुट्टी."

"हे घरी येऊन सांगायचे, आज मॅडमना गप्प केलं."

"आमच्याकडे मी उलटं सांगायचे."

ती हसली. मग रडली. मग म्हणाली, "जेवून जा, नाहीतर मला बोलतील." कोण बोलेल हे तिच्या लक्षात आलं आणि ती ताट वाढायला उठली. मी जेवले.

गुरुवारी प्लांट रिकामा होता. मी आणि गव्हाणेमामा. मामांनी नारळ आणला होता. दर अपग्रेडला आणतात, सर्व्हर रूमच्या उंबऱ्याबाहेर फोडतात, आणि हळदीकुंकू मशीनच्या पंख्यापासून लांब ठेवायचं हे तू त्यांना खंडेनवमीच्या एका अनुभवानंतर पटवलं होतंस. तू पूजेच्या वेळी हात मागं बांधून उभा राहायचास आणि पूजा झाली की पहिला पुढं. "पूजेला माझा विरोध आहे, मामा. खोबऱ्याला नाही." या वेळी मामांनी सवयीनं तीन तुकडे केले. तिसरा थोडा वेळ ताटलीत पडून होता. मग मी खाल्ला. तू वाया जाऊ दिला नसतास.

यादीत तीन नावं होती. दापोडी, चालू असलेलं आकुर्डी, आणि तू मंगळवारी बनवलेलं देहूरोड. नवी आवृत्ती तू त्यात भरलेली होतीस. खरं तर मी ते पुसून स्वतःची प्रत नव्यानं काढू शकले असते. तेच शहाणपणाचं, असं एखादं पुस्तक सांगेल. पण तुझं काम मी इतकी वर्षं तपासतेय. ते माझ्यापेक्षा वाईट नसतं, फक्त जास्त वेळ घेतं. देहूरोड निवडलं आणि मशीन बंद केलं.

उठलं. सगळं जागेवर. क्रमांक बरोबर. मामांनी चाचणीचं बटण दाबलं, आणि स्टिकर आला नाही.

"काय झालं वो ताई?"

"काही नाही. मागं जाऊ."

"घाबरला न्हाई?"

"कशाला? आकुर्डी आहे ना."

आणि मला खरंच भीती वाटली नाही. हे तुला मुद्दाम कळवते, कारण तू मला एकदा म्हणाला होतास, मॅडम, तुम्ही मागं जाताना हरल्यासारखं तोंड करता. या वेळी केलं नाही. आकुर्डीतून उठवलं, स्टिकर आला. मामांनी चहा आणला, तो शांतपणे प्यायले. मग आकुर्डीत बसून देहूरोडचं दार उघडलं, जसं त्या दिवशी पिंपरीचं उघडलं होतं.

प्रिंटरची नावं ज्या फाइलमध्ये असतात तिथं तू थांबला होतास. नवी आवृत्ती येते तेव्हा अशा फायलींमध्ये आपले जुने बदल आणि त्यांचे नवे बदल भांडतात. यंत्रणा कुणाची बाजू घेत नाही. ती दोन्ही मजकूर एकाखाली एक मांडते, मध्ये रेघा मारते आणि माणसाची वाट बघते. वर तू काही वर्षांपूर्वी लिहिलेल्या ओळी होत्या, खाली नव्या. मध्ये रेघा तशाच. आधीच्या सगळ्या फायलींमधली भांडणं तू मिटवली होतीस. ही शेवटची. तेवढ्यात बसची वेळ झाली असणार. "उरलेलं उद्या बघू," म्हणालास आणि डबा उचललास. मी मान वर केली होती का, आठवत नाही. मुद्दाम काही म्हणण्यासारखं नव्हतंच. मंगळवार होता.

आपलं कुठलंही भांडण पडद्यावर इतकं स्वच्छ मांडलेलं मी पाहिलं नव्हतं. तू वर, नवं खाली, आणि निर्णय माझ्याकडे. तू असतास तर आपण यावर तासभर घालवला असता, तू तुझ्या ओळी सोडल्या नसत्यास आणि मी नव्या लावून धरल्या असत्या. एकटीनं नीट वाचलं. प्रिंटरच्या बाबतीत तुझं बरोबर होतं. खालच्या एका ओळीत त्यांचं. तुझ्या ठेवल्या, त्यांची एक घेतली, रेघा काढल्या. फारसा वेळ लागला नाही. वेळ कमी लागला याचंच मला वाईट वाटलं.

मशीन बंद. देहूरोडमधून चालू. मामांनी बटण दाबलं.

"आला की वो!" मामा ओरडले आणि रिकाम्या डिस्पॅचमध्ये ते चांगलं घुमलं. "मिलिंदभाऊ असते तर म्हनले असते, मामा, एवढं वरडू नका, मशीन लाजंल."

शुक्रवारी पहिल्या शिफ्टपासून आज हे लिहीपर्यंत देहूरोड चालू आहे. एकही जुळं खोकं नाही. साहेबांनी 'ग्रेट टीमवर्क' असा मेल सगळ्यांना पाठवला, ज्यात टीम म्हणून त्यांचं आणि विक्रेत्याला चहा देणाऱ्या विभागाचंही नाव आहे. विक्रेता स्लाइड घेऊन शेजारच्या कंपनीत गेला.

दापोडीत आहे तरी काय, असा प्रश्न वाचणाऱ्यांना पडेल, म्हणून आधीच कबूल करते. ऑडिटच्या आदल्या दुपारी मी दापोडी उघडून आत पाहिलं. इतकी वर्षं जपलंस म्हणजे आत काहीतरी असणार, अशी माझी समजूत. एखादा फोटो, सुजातासाठी काही, निदान माझ्याविषयीचा एखादा टोमणा. असतं तर या लेखाचंही भलं झालं असतं. काही नव्हतं. एक जुनी, रिकामी, व्यवस्थित लावलेली यंत्रणा. तुझं पहिलं काम, जसं झालं तसं. बस्स. मी दार ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑडिटर माझ्या शेजारी बसला. तरुण, काटेकोर, चष्मा. देहूरोडची आवृत्ती पाहून मान डोलावली. मग बोट पडद्यावर.

"मॅडम, हे दापोडी काय आहे?"

"जुनं आहे. चालू नाही."

"चालू नाही, तर ठेवलंय कशाला?"

मिलिंद, इतकी वर्षं हा प्रश्न माझा होता. याच सुरात. पुसायला एक ओळ पुरे होती आणि ती मला झोपेतही येते. साहेब मागं उभे होते, माझ्याकडून एखाद्या इंग्रजी उत्तराची वाट बघत. आणि मी पडद्यावरून मान वर न करता म्हणाले, "घर आहे ते."

ऑडिटर माझ्याकडे बघत राहिला. साहेब पंख्याकडे. मग ऑडिटरनं सभ्यपणे लिहिलं: किरकोळ निरीक्षण, जुनी प्रत पुढील ऑडिटपूर्वी काढावी. मशीन पास झालं. म्हणजे मशीन राहिलं, आणि आपला वादही मुदतवाढ घेऊन राहिला. आता माझी बाजू तो मांडेल. तुझी मी मांडतेय, आणि मला वाटतं तुझ्यापेक्षा बरी मांडेन, कारण समोरचे सगळे मुद्दे माझेच आहेत.

आकुर्डी महिन्यानं पुसेन, तुझ्या नियमानुसार. पुढच्या प्रतीचं नाव बेगडेवाडी. तारीख घालायचा विचार मनात आला होता, पण तारखेला हाक मारता येत नाही हे आता पटलंय. मग घोरावडी, तळेगाव, वडगाव, एकेक करत जाईन. घाई नाही. लोणावळ्याला पोचले की ठरल्याप्रमाणे चिक्की घेईन, दोन पुडे, आणि परतीची लोकल पकडेन. माझं स्टेशन कासारवाडी. त्या दिवशी तिथं उतरणार नाही, एक स्टेशन पुढं जाईन.